खाडीचा विस्तार आणि कागदावरचा पक्षी: दोन्ही एकाच चित्रात कसे आणावेत?

ओलीरेती

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षे मी ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी बसून किनारी पक्ष्यांची चित्रे काढते आहे. पक्षी काढायला म्हणून जाते खरी, पण मला तिथे ओढून नेतो तो त्यांच्याभोवतीचा मोकळा विस्तार. पाणी मागे हटलेले असते, ओला चिखल आभाळाचा रंग घेऊन चकाकत असतो, जमीन कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते हे नीट कळत नाही आणि त्या सगळ्यात वाकड्या चोचीचा एखादा कोरल एकटाच सावकाश पावले टाकत चाललेला असतो. ते पाहताना आपण अगदी लहान झाल्यासारखे वाटते आणि तरीही बरे वाटते. घरी येऊन वही उघडली की तिच्यात फक्त कोरल असतो. विस्तार तिथेच राहिलेला असतो.

मग उलट करून पाहिले. सगळे पान निसर्गदृश्याला दिले, तर पक्ष्याचा ठिपका झाला आणि तो कोरल आहे की बगळा, हेही ओळखता येईना. मोठा कागद घेतला, तर हात आपोआप पक्षीही त्याच प्रमाणात मोठा काढू लागला. आपल्यापैकी जे खाडीकाठी बसून चित्रे काढतात, त्यांनी हा पेच कसा सोडवला? साहित्य कोणते वापरावे यापेक्षा कागदावरच्या मांडणीबद्दल मला अधिक ऐकायचे आहे.

जलरंगी

पक्षी लहान काढावा आणि बाकीचा कागद कोरा सोडावा. मी एवढेच करतो आणि ते पुरेसे होते.

ओलीरेती

जलरंगी, मी तेही केले आहे. माझ्या हातून सोडलेला कोरा कागद कोरा कागदच दिसतो, चिखल दिसत नाही. पक्षी हवेत टांगल्यासारखा वाटतो. तुमच्या चित्रांत तसे होत नसेल, तर तुम्ही नकळत आणखी काहीतरी करत असणार, आणि मला नेमके तेच हवे आहे.

मोजपट्टी

ओलीरेती, पक्षी टांगल्यासारखा दिसतो याचे कारण बहुतेक वेळा क्षितिजाशी त्याचे नाते चुकलेले असते. खाडीचा चिखल हा निसर्गातल्या सर्वांत सपाट पृष्ठभागांपैकी एक आहे. त्यामुळे तिथे यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) एक साधा नियम जवळजवळ तंतोतंत लागू पडतो, जो डोंगराळ भागात कधीच इतका स्वच्छ लागू पडत नाही.

सपाट जमिनीवर क्षितिजरेषा नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते. आपले डोळे जमिनीपासून १६० सेंटिमीटर उंचीवर असतील, तर समोरच्या प्रत्येक वस्तूच्या पायथ्यापासून क्षितिजापर्यंतचे अंतर म्हणजे त्या वस्तूच्या जागी १६० सेंटिमीटर. कोरल उभा असताना साधारण ४० सेंटिमीटर उंच धरला, तर तो दहा मीटरवर असो की दोनशे मीटरवर, त्याची कागदावरची उंची ही त्याच्या पायांपासून क्षितिजरेषेपर्यंतच्या अंतराच्या एक चतुर्थांशच भरली पाहिजे. छोटा टिलवा दहा सेंटिमीटरचा धरला, तर सोळावा भाग. तुम्ही चिखलाच्या कडेला खाली बसलात आणि डोळे ८० सेंटिमीटरवर आले, तर कोरल त्या अंतराच्या निम्मा होतो आणि टिलवा आठवा भाग.

म्हणून मी पक्ष्याच्या आधी क्षितिज आखतो. मग पक्ष्याचे पाय कुठे टेकले आहेत तिथे खूण करतो आणि त्या खुणेवरून उंची ठरवतो. प्रमाण एकदा जुळले की मधे एकही रेघ न मारता चिखल दिसू लागतो, कारण पाहणाऱ्याच्या मनात दोन पक्ष्यांमधली जमीन आपोआप पसरते. जलरंगी यांच्या कोऱ्या कागदाचे रहस्य हेच असावे असा माझा अंदाज आहे. त्यांचा हात हे प्रमाण सवयीने पाळत असणार.

पाणकणीस

मोजपट्टी, आपला प्रतिसाद वाचून मी जुन्या वह्या काढल्या आणि पट्टी घेऊन बसले. मला फार आवडणारे एक चित्र आहे, ज्यात पुढे दोन कोरल आहेत आणि मागे टिलव्यांचा एक घोळका. मोजल्यावर कळले की माझे मागचे टिलवे जवळजवळ ५० सेंटिमीटर उंचीचे झाले आहेत, म्हणजे कोरलापेक्षाही मोठे. त्या चित्रातली खाडी मला कायम एखाद्या अंगणाएवढी का वाटत होती, हे दोन वर्षांनी समजले. मनापासून आभार.

दूरवेध

नियम बरोबर आहे, पण प्रत्यक्षात अडचण दुर्बिणीने येते. किनारी पक्षी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. आपण त्यांना पाहतो तेच मुळी दुर्बिणीतून किंवा तीस पट मोठे दाखवणाऱ्या स्पॉटिंग स्कोपमधून, आणि त्या गोल चौकटीत क्षितिज नसतेच. शिवाय पुढचा पक्षी आणि त्याच्या खूप मागचा पक्षी जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात, त्यांच्यामधले अंतर चपटे होऊन जाते. लांब भिंगाच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रांचेही हेच होते. तेच आकार आपण चित्रात उतरवतो आणि विस्तार मरतो.

माझा उपाय असा आहे की दोन वह्या ठेवायच्या. एकीत स्कोपमधून दिसलेले पक्षी, हवे तेवढे मोठे, चोचीच्या वळणासकट आणि पंखांच्या थरांसकट. दुसरीत नुसत्या डोळ्यांनी दिसते तेवढेच. पहिल्या वहीतली पक्ष्याची ओळख दुसऱ्या वहीत न्यायची, आकार मात्र न्यायचा नाही. भर दुपारी चिखलावरची हवा तापून थरथरू लागली की स्कोपमधून काहीच धड दिसत नाही. ती वेळ दुसऱ्या वहीला द्यावी.

शिसपेन्सिल

मला या सगळ्याशी थोडा मतभेद नोंदवायचा आहे. विस्तार दाखवायला पक्षी लहानच हवा, हे आपण सगळ्यांनी गृहीत धरले आहे. जॉन जेम्स ऑड्युबॉन यांची १८२७ ते १८३८ या काळात छापली गेलेली पक्षिचित्रे पाहा. त्यांचा आग्रह प्रत्येक पक्षी प्रत्यक्षाएवढ्या आकारात काढण्याचा होता आणि त्यासाठी साधारण एक मीटर लांबीचे कागद वापरले गेले. त्यांच्या लांब चोचीच्या कोरलाच्या चित्रात दोन पक्षी सगळा पुढचा भाग व्यापून आहेत आणि मागे, पाण्यापलीकडे, चार्ल्स्टन शहर चिमुकले होऊन बसले आहे. ती पार्श्वभूमी त्यांचे सहकारी जॉर्ज लेमन यांनी रंगवली. एका चोचीच्या लांबीत अख्खे शहर मावते आहे असे वाटते. म्हणजे दृष्टीची पातळी पक्ष्याच्या पायांजवळ नेली, तर पक्षी मोठा ठेवूनही मागचे जग अफाट करता येते.

ओलीरेती यांनी एकदा पालथे झोपून पक्षी पाहावा. कोरलाचे डोके क्षितिजाच्या वर जाईल आणि तो अचानक मनोऱ्यासारखा उभा दिसेल.

मोजपट्टी

शिसपेन्सिल, तुमचे उदाहरण उत्तम आहे आणि ते नियमाच्या बाहेर जात नाही. डोळे ४० सेंटिमीटरवर आले की कोरलाचे डोके बरोबर क्षितिजाला टेकते आणि त्याखाली गेले की ते क्षितिजाच्या वर निघते. फरक परिणामाचा आहे. त्या चित्रात आपण पक्ष्याच्या भव्यतेपुढे उभे राहतो. ओलीरेती ज्या अनुभवाबद्दल लिहीत आहेत, त्यात पक्षी आणि पाहणारा दोघेही एकाच मोकळेपणात लहान झालेले आहेत. मला दोन्ही प्रकार आवडतात, पण ते एकमेकांच्या जागी वापरता येतील असे वाटत नाही.

शिसपेन्सिल

हे मान्य आहे. मी त्या भेदाचा विचार केला नव्हता.

चिखल्या

मी चित्रकार नाही, पक्षीनिरीक्षक आहे, त्यामुळे वेगळ्या बाजूने लिहितो. विस्तार पक्ष्यांच्या आकाराइतकाच त्यांच्यामधल्या अंतरांत असतो, आणि ही अंतरे प्रत्येक जातीची वेगळी असतात.

मी ज्यांचे नाव घेतले आहे ते चिखल्या पक्षी डोळ्यांनी शिकार करतात. त्यांचे डोळे मोठे, चोच आखूड. चार पावले धावायचे, थबकायचे, पाहायचे, टिपायचे आणि पुन्हा धावायचे, ही त्यांची रीत. शेजारी दुसरा पक्षी धावला तर भक्ष्य बिळात जाते, म्हणून ते एकमेकांपासून दूर पांगलेले असतात. चोचीच्या स्पर्शाने चिखलात शोधणारे पाणटिवळ्यांसारखे पक्षी मात्र दाटीवाटीने चरू शकतात, कारण त्यांना भक्ष्य दिसण्याची गरज नसते. त्यांच्या चोचीच्या टोकाशी दाब ओळखणारी सूक्ष्म संवेदके असतात, आणि चोच चिखलात रुतलेली असतानाही केवळ तिचे टोक उघडता येते. उचाट्या वर वळलेली चोच उथळ पाण्यात डावीउजवीकडे विळ्यासारखी फिरवतो, त्यामुळे उचाट्यांची रांग बहुधा एकाच दिशेने पुढे सरकताना दिसते.

आता चित्राच्या दृष्टीने पाहा. पाणटिवळ्यांचा घट्ट पुंजका, मग बराच मोकळा चिखल आणि त्यात हातभर, वीतभर, पुन्हा हातभर अशा असमान अंतरांवर थबकलेले चार-पाच चिखल्या. ही मांडणी खाडीच करून देते, चित्रकाराने फक्त ती मोडू नये. अनेक चित्रांत मी पाहतो की पक्षी कागदाच्या सोयीने सारख्या अंतरावर बसवलेले असतात. तसे पाहिले की मला ती खाडी न वाटता मांडणीचे कपाट वाटते.

आणखी एक. विश्रांती घेणारे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. चाळीस पक्षी, चाळीस चोची, दिशा एकच. एवढे जरी पाळले, तरी चित्रात वारा येतो, आणि वाऱ्याबरोबर मोकळी जागाही येते.

जलरंगी

चिखल्या यांचा प्रतिसाद मी उतरवून ठेवला आहे. असमान अंतरांचे कारण पक्ष्याच्या खाण्याच्या रीतीत आहे, हे मला माहीत नव्हते.

सावलीरंग

आकार आणि अंतरे झाली, आता उजेडाबद्दल लिहिते, कारण माझ्या अनुभवात विस्तार सर्वांत आधी उजेडाच्या चुकीने हरवतो.

आपण बगळा पांढरा म्हणून कागद तसाच सोडतो आणि चिखल तपकिरी म्हणून गडद रंगवतो. पण सकाळी सूर्य समोर असताना नीट पाहा. ओला चिखल आभाळाचा उजेड सरळ आपल्या डोळ्यांत फेकत असतो आणि बगळ्याची आपल्याकडची बाजू सावलीत असते. त्या वेळी बगळा चिखलापेक्षा गडद असतो, निळसर राखाडी. मी पहिल्यांदा असा गडद बगळा रंगवला तेव्हा माझा हात अक्षरशः अडला, पण रंगवून झाल्यावर सगळा चिखल एकदम पेटून उठला. मोकळेपणाची निम्मी जादू त्या चकाकीत असते आणि ती दाखवायची तर पक्ष्याला आपला पांढरेपणा सोडावा लागतो.

किनारी पक्ष्यांची पाठ गडद आणि पोट पांढरे असते, त्यालाही कारण आहे. अमेरिकन चित्रकार अॅबट थेअर यांनी १८९६ साली हे मांडले: वरून येणारा उजेड पाठ उजळवतो आणि पोट सावलीत टाकतो, तर पिसांचा रंग नेमका याच्या उलट असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांना खोडून काढतात आणि पक्षी सपाट होऊन परिसरात विरघळतो. हे एका चित्रकाराच्या लक्षात यावे, याचा मला फार आनंद वाटतो. आपण पोट शुभ्र सोडले की हा सगळा खेळ उलटतो आणि पक्षी कागदावर चिकटवल्यासारखा उठून दिसतो. पोटाला सावली द्या, तिच्यात चिखलावरून परतलेल्या उजेडाची किंचित ऊब मिसळा, म्हणजे पक्षी त्या जागेचा होतो.

प्रतिबिंबाबद्दल एकच सूचना. प्रतिबिंबात पक्षी खालून पाहिल्यासारखा दिसतो, म्हणून तिथे पोट अधिक आणि पाठ कमी असते. वरचे चित्र नुसते उलटे करून खाली उतरवले तर चुकते.

नवशिकी

मध्येच एक प्राथमिक प्रश्न विचारते, क्षमा असावी. बगळ्याचे आणि शेकाट्याचे गुडघे मागच्या बाजूला वाकतात, ते मला कधीच जमत नाहीत. पक्षी बसतोय की पडतोय हेच समजत नाही.

चिखल्या

क्षमा कसली, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. मागे वाकणारा तो सांधा गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत झाकलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. पक्षी बोटांवर उभा असतो, टाच हवेत. शेकाट्या काढताना पिसांत लपलेला गुडघा आधी हलक्या रेषेने काढा, तिथून मागे उतरत घोट्यापर्यंत या, मग खाली सरळ बोटांपर्यंत. शरीराचा तोल बोटांच्या बरोबर वर येतो की नाही हे पाहा, म्हणजे तो पडणार नाही.

नवशिकी

आज शेकाट्या उभा राहिला. धन्यवाद.

कोरापाट

ओलीरेती यांचा दुसरा प्रतिसाद, कोरा कागद कोराच दिसतो हा, माझ्या मनात घोळत राहिला. मोजपट्टी यांचे उत्तर योग्य आहे, पण त्यात एक बाजू राहून गेली असे वाटते.

जपानी चित्रकार हासेगावा तोहाकु (१५३९–१६१०) यांचे पाइन वृक्षांचे चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सहा-सहा पाटांचे दोन घडीचे पडदे, केवळ काळी शाई, आणि बहुतांश कागद मोकळा. त्यात पक्षी नाहीत, पण धुक्यातली मोकळी जागा कशी बोलती होते हे शिकायला मी पुन्हा पुन्हा त्याच्या प्रतिमा पाहतो. जवळची झाडे गडद आणि खरखरीत फटकाऱ्यांची, लांबची झाडे इतकी फिकी की असतील-नसतील अशी. मोकळा कागद या दोन टोकांच्या मधे सापडला आहे, म्हणून तो हवा झाला आहे. एकाच गडदपणाची सगळी झाडे असती, तर तोच कागद नुसता कागद राहिला असता.

खाडीच्या चित्रात मी म्हणून सर्वांत गडद आणि सर्वांत फिकी अशा दोन खुणा आधी ठरवतो. समोरच्या चिखलातली एखादी ओली घळ सर्वांत गडद. क्षितिजालगतची पक्ष्यांची रांग इतकी फिकी, की पुसली तरी चालेल. पक्षी या दोन्हींच्या मधे कुठेतरी येतो. पक्ष्यालाच सर्वांत गडद करण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि तिथेच कोरा कागद मरतो.

भरतीओहोटी

वेळेबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. ज्या किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, तिथे एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, पण पाणी या वेळात सारख्या गतीने हलत नाही. खलाशांचा जुना हिशेब असा, की पाणी उतरायला लागणाऱ्या सहा तासांचे सहा भाग केले, तर पहिल्या तासात एकूण उतरणाऱ्या पाण्याचा बारावा भाग उतरतो, दुसऱ्यात असे दोन भाग, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी निघून जाते. त्या काळात समोरचे दृश्य तुमच्या हाताखालीच बदलते. आता पाणी होते तिथे चिखल, चिखल होता तिथे पक्षी. त्या दोन तासांत मी पूर्ण चित्राच्या मागे लागत नाही, फक्त पक्ष्यांच्या हालचालींच्या रेषा घेतो. ओहोटीच्या तळाशी, पाणी थबकलेले असताना, क्षितिज, घळी आणि चकाकी यांचा आराखडा करतो, कारण तेव्हा अर्धा-पाऊण तास काहीच फारसे हलत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात पाणी सर्वांत दूर जाते आणि पक्षीही पार लांब पांगतात. भांगेच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत चिखल कमी उघडा पडतो. ज्यांना विस्तार काढायचा आहे त्यांनी उधाणाची ओहोटी निवडावी. परतीच्या पाण्याची वेळ मात्र आधीच पाहून ठेवावी आणि चिखलात आत न जाता काठावरच बसावे.

खारावारा

भरतीओहोटी यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून सांगतो. भरतीच्या वेळी पक्षी उंच जागी गोळा होऊन विश्रांती घेतात आणि तेव्हा ते आपल्या सर्वांत जवळ असतात. चांगले चित्र मिळेल म्हणून तेव्हा पुढे सरकण्याचा मोह टाळावा. स्थलांतराच्या दिवसांत प्रत्येक उड्डाणाला त्यांनी साठवलेली चरबी खर्ची पडते. पक्ष्यांनी माना ताठ केल्या आणि चरणे थांबवले, की आपण गरजेपेक्षा जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे.

साहित्याबद्दल विचारले नसले तरी एक सांगतो. खाडीवरच्या दमट हवेत जलरंगाचा हात वाळता वाळत नाही, त्यामुळे एका थरावर दुसरा चढवण्याची पद्धत तिथे फसते. मी राखाडी कागद, मऊ शिसे आणि थोडा अपारदर्शक पांढरा एवढेच नेतो.

दूरवेध

ओलीरेती यांनी सुरुवातीला लिहिले होते की लहान काढला की पक्षी ओळखू येत नाही. त्याचे उत्तर अजून अर्धवट राहिले आहे.

इंग्रज पक्षिचित्रकार चार्ल्स टनिक्लिफ १९४७ पासून १९७९ मध्ये मृत्यू होईपर्यंत वेल्समधल्या अँगलसी बेटावर, केव्हनी नदीच्या मुखाशी राहिले. त्यांची खिडकी थेट खाडीवर उघडत असे. त्यांना मृत पक्षी मिळाले की ते त्यांची प्रत्यक्षाएवढी, मापे घेऊन केलेली रेखाटने करत. प्रत्येक पीस, पायाचा प्रत्येक खवला. दुसरीकडे त्यांच्या वह्यांत जिवंत पक्ष्यांच्या झरझर रेषाही आहेत. मला यातून जे समजले ते असे, की लहान पक्ष्यात तपशील भरायचे नसतात, पण हाताला ते सगळे माहीत असावे लागतात. दीड सेंटिमीटरच्या कोरलात चार गोष्टी बरोबर आल्या की तो ओळखू येतो: चोचीची लांबी डोक्याच्या मानाने, वळण कुठून सुरू होते, अंगाचा कल आणि पाय अंगाच्या कुठल्या भागातून खाली उतरतात. या चारही गोष्टी तीन-चार फटकाऱ्यांत मावतात, मात्र त्याआधी पन्नास मोठे कोरल काढलेले असावे लागतात.

लांबपल्ला

धागा मांडणीचा आहे हे ठाऊक आहे, तरीही विस्ताराबद्दल एक सांगावेसे वाटते.

आपण ज्या पाणटिवळ्याला चिखलात चोच खुपसून उभा पाहतो, त्याच्या पट्टेरी शेपटीच्या भाईबंदाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्काहून निघून ११ दिवसांत, वाटेत कुठेही न उतरता, टास्मानिया गाठले. अंगावर बसवलेल्या उपग्रह-यंत्राने १३,५६० किलोमीटरची नोंद केली आणि तो पक्षी त्याच वर्षी अंड्यातून बाहेर आलेला होता. निघण्यापूर्वी हे पक्षी इतकी चरबी साठवतात की त्यांचे पोट खाली ओघळल्यासारखे दिसते. आणि पोहोचतात तेव्हा सडपातळ झालेले असतात. हे चित्रात दाखवता येते. निघण्याच्या तयारीतला जड पाणटिवळा काढला, तर कागदावर नसलेला समुद्रही त्या पोटात असतो.

याच पक्ष्यांना परतीच्या वाटेवर पीत समुद्राच्या चिखलपट्ट्यांचा आधार असतो. दक्षिण कोरियात सेमानगुम इथे तेहतीस किलोमीटरहून लांब भिंत बांधून २००६ साली नदीमुखांचा चिखल समुद्रापासून तोडला गेला आणि तिथे उतरणाऱ्या असंख्य पक्ष्यांची जागा गेली. त्याच देशातले इतर काही चिखलपट्टे २०२१ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, ही दिलासा देणारी बाब. मी माझ्या प्रत्येक चित्रामागे तारीख आणि पाण्याची स्थिती लिहून ठेवतो, कारण आज उघडा दिसणारा चिखल पुढे तसाच राहील असे गृहीत धरता येत नाही.

सावलीरंग

लांबपल्ला, पोटात समुद्र ही कल्पना मनात राहील. जड पोटाच्या पक्ष्याचे पाय थोडे आखूड भासतात, हे मी पाहिले होते, पण कारण माहीत नव्हते.

ओलीरेती

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले आणि उधाणाच्या ओहोटीला पुन्हा जाऊन आले. जे केले ते सविस्तर लिहिते.

कागद ४२ सेंटिमीटर उंचीचा, आडवा धरलेला. मी चिखलाच्या कडेला जमिनीवर बसले, म्हणजे डोळे साधारण ८० सेंटिमीटरवर. क्षितिज वरच्या कडेपासून आठ सेंटिमीटरवर आखले. एकूण पाच कोरल होते. सर्वांत जवळचा तीस-एक मीटरवर असावा. त्याचे पाय क्षितिजाच्या ३.२ सेंटिमीटर खाली आले, म्हणून त्याची उंची निम्मी, १.६ सेंटिमीटर. सर्वांत लांबचा तीन मिलिमीटर. पाचही पक्षी कागदाच्या वरच्या भागात मावले आणि खाली तीस सेंटिमीटर चिखल उरला. एरवी मी घाबरून तिथे आणखी एक पक्षी काढला असता. या वेळी थांबले.

मग समोर पाहिले, तर माझ्यापासून काही पावलांवर कोरलाच्या पायांचे ठसे होते. पाणी उतरल्यावर लगेच तो इथून चालत गेला असणार. तीन बोटे पुढे पसरलेली, मागे अंगठ्याची जेमतेम टोचणी, कडा अजून ताज्या आणि प्रत्येक ठशात थोडे पाणी व त्या पाण्यात आभाळाचा तुकडा. मधे मधे चोचीने पाडलेली भोके. ती रांग वळणे घेत घेत लहान होत गेली होती आणि शेवटी दिसेनाशी झाली होती, बरोबर त्या जवळच्या कोरलाच्या दिशेने. मी कोरापाट यांच्या सल्ल्याप्रमाणे सर्वांत गडद जागा पहिल्या ठशाच्या कडेला दिली आणि सर्वांत फिकी शेवटच्या पक्ष्याला.

एक शंका मात्र आहे. एक ठसा मी मोजला होता, तो सात सेंटिमीटर रुंद भरला. कागदाच्या तळाशी मी काढलेला पहिला ठसा जवळजवळ तीन सेंटिमीटरचा झाला आहे, म्हणजे संपूर्ण कोरलाच्या दुप्पट. डोळ्यांना ते चुकीचे वाटत नाही, पण बुद्धीला पटत नाही. ठसा लहान करावा का?

मोजपट्टी

मुळीच करू नका. कागदाच्या तळाची कड क्षितिजाच्या ३४ सेंटिमीटर खाली आहे आणि तिथे ते अंतर म्हणजे प्रत्यक्षातले ८० सेंटिमीटर. म्हणून सात सेंटिमीटरचा ठसा तिथे २.९८ सेंटिमीटरच यायला हवा. तुमचा डोळा बरोबर होता. फक्त एवढे पाहा, की ठशाची रुंदी पूर्ण राहील पण पुढे-मागे लांबी दबलेली दिसेल, कारण तुम्ही त्याच्याकडे तिरपे पाहत होता.

ओलीरेती

लांबी दाबली आहे. पहिल्या चार ठशांत ती जास्त राहिली होती, ती आत्ता पुसून पुन्हा काढली. पाचव्यापासून बरोबर आहेत, कारण तोवर मी मोजणे सोडून त्याच्या मागे चालू लागले होते.